फास्टॅग एकच, रस्ते मात्र वेगवेगळ्या मालकांचे: गाडी राज्याबाहेर काढण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

कोल्हापुरात ट्रान्सपोर्टचं ऑफिस सांभाळतो, त्यामुळे ड्रायव्हर, शेजारी, पाव्हणे असे सगळे टोलचे प्रश्न घेऊन माझ्याकडेच येतात. तीच उत्तरं किती वेळा व्हॉइस नोटवर द्यायची म्हणून एकदाच लिहून काढली. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच फॉरवर्ड करणार.

टॅग कोल्हापुरातल्या बँकेचा आहे. कर्नाटकात, गुजरातेत, तिकडे राजस्थानात चालेल का?

चालेल. टॅगला राज्य नसतं. काचेवरचा तो स्टिकर कुठल्या बँकेने दिला, कुठल्या गावात चिकटवला याच्याशी नाक्याला काही घेणंदेणं नाही. किणी टोलनाक्यावर जो टॅग वाचला जातो तोच कागल ओलांडून कोगनोळीला वाचला जातो, पुढे हत्तरगीला, आणि उलट्या दिशेला गेलात तर चारोटी, भगवाडा, बोरियाच करत थेट सुरतेच्या पुढेपर्यंत. राज्याची हद्द लागली म्हणून टॅगमध्ये काहीही बदलायचं नाही, रोमिंग बिमिंग चालू करायचं नाही, वेगळा रिचार्ज नाही.

अडचण येते ती टॅगमुळे नाही. रस्त्याचा मालक बदलतो आणि मालकाबरोबर पास, सूट, दंड सगळं बदलतं, आणि आपण समजतो टॅगच बिघडला. खालचे निम्मे प्रश्न त्यातूनच आलेत.

टॅग एका बँकेचा, नाक्याचं खातं दुसऱ्या बँकेत. मग पैसे जातात कसे?

एटीएमसारखंच. कार्ड कुठल्याही बँकेचं असो, मशीन कुठल्याही बँकेचं, मधे कोणीतरी दोघांना जोडणारा असतो. इथे तो मधला म्हणजे एनपीसीआय, तेच यूपीआयवाले, आणि त्यांच्या या सिस्टिमचं नाव एनईटीसी. टॅग देणारी बँक ती इश्युअर, आणि नाक्याच्या वतीने पैसे गोळा करणारी बँक ती अक्वायरर.

गाडी लेनमध्ये शिरली की वरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो. टॅगमध्ये बॅटरी नसते, त्या लहरींवरच चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. नाक्याचा कॉम्प्युटर तो नंबर अक्वायरर बँकेला पाठवतो, ती बँक एनपीसीआयच्या मॅपरला, म्हणजे सगळ्या टॅगांच्या नोंदवहीला विचारते की हा टॅग कोणाचा, गाडीचा नंबर काय, क्लास म्हणजे गाडीचा प्रकार कुठला, चालू आहे की ब्लॅकलिस्ट म्हणजे बंद केलेला. उत्तर आलं की त्या क्लासचा त्या नाक्याचा जो दर असेल तो लावला जातो, इश्युअर बँकेकडे मागणी जाते, आपल्या वॉलेटमधून पैसे वजा होतात आणि मेसेज येतो.

यात एक गोष्ट लक्षात घ्या, पैसे टॅगमध्ये नसतातच. टॅगमध्ये फक्त ओळख असते, पैसे बँकेकडच्या खात्यात. त्यामुळे टॅग फाटला किंवा काच फुटली तर पैसे बुडत नाहीत, आणि टॅग चांगला दिसतोय म्हणजे खातं चालू आहेच असंही नाही.

आधीपासून असंच होतं का? आमच्या वेळी तर प्रत्येक नाक्याचं वेगळं होतं.

बरोबर आठवतंय तुम्हाला. ज्या रस्त्याचा जो ठेकेदार त्याची स्वतःची सिस्टिम. वांद्रे-वरळी सी लिंकचं यंत्र काचेवर असेल तर ते तिथेच उपयोगाचं, दिल्ली-गुडगाव एक्सप्रेसवेचा टॅग तिकडच्या लोकांपुरता. २०१० मध्ये नंदन नीलेकणी यांच्या समितीने सांगितलं की सगळ्या देशात एकच तंत्र ठेवा, बॅटरी नसलेला स्वस्त आरएफआयडी टॅग. मग २०१२ मध्ये हायवे अथॉरिटीच्या (नॅशनल हायवे सांभाळणारी केंद्राची संस्था) पुढाकाराने टॅगवरच्या वसुलीचं काम बघणारी आयएचएमसीएल ही कंपनी निघाली, २०१३ च्या सुमारास मुंबई-अहमदाबाद मार्गावर प्रयोग झाला. एनपीसीआयचं एनईटीसी त्यानंतर आलं, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथे जुळली, कारण टॅगचं तंत्र एक करणं सोपं होतं, बँकाबँकांचा हिशेब एका जागी आणणं हे अवघड काम होतं.

१ डिसेंबर २०१७ पासून नवीन चारचाकी टॅग लावूनच शोरूममधून बाहेर पडायला लागली, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून नॅशनल हायवेवर टॅग नसेल तर दुप्पट. महाराष्ट्र सरकारच्या रस्त्यांवर म्हणजे पीडब्ल्यूडी (बांधकाम खातं) आणि एमएसआरडीसी (राज्याचं रस्ते विकास महामंडळ) यांच्या नाक्यांवर सक्ती यायला मात्र १ एप्रिल २०२५ उजाडला. त्यामुळे चार वर्षं एकाच प्रवासात एका नाक्यावर सक्ती आणि पुढच्यावर नाही असा प्रकार चालू होता.

वार्षिक पास काढला, तरी एक्सप्रेसवेला पैसे कापले. फसवलं का मला?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१५ ऑगस्ट २०२५ पासून प्रायव्हेट कार, जीप, व्हॅनसाठी वार्षिक पास निघाला, सुरू झाला तेव्हा ३,००० रुपये, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यातलं जे आधी संपेल ते. पण तो केंद्राचा पास आहे, म्हणजे नॅशनल हायवे आणि नॅशनल एक्सप्रेसवेवरच्या नाक्यांवरच चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे एमएसआरडीसीचा, समृद्धी महामार्ग राज्याचा, अटल सेतू एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगराच्या प्राधिकरणाचा. नावात एक्सप्रेसवे आहे म्हणून तो नॅशनल होत नाही. तिथे तुमचा टॅग चालतो, पास चालत नाही, म्हणून वॉलेटमधून नेहमीसारखे पैसे गेले.

आता आमच्या बाजूचा हिशेब बघा. पुण्याहून कोल्हापूर म्हणजे खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. चार नाके, चार फेऱ्या. येऊन जाऊन आठ. म्हणजे २०० फेऱ्यांत २५ वेळा पुण्याला जाऊन येता येतं, ज्याचं पुण्याशी नातं आहे त्याला पास स्वस्तच पडतो. आणि ज्याची गाडी वर्षभर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरच पळते त्याने हा पास घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

अजून दोन-तीन गोष्टी लोक विसरतात. पास वॉलेटमधल्या पैशातून निघत नाही, राजमार्गयात्रा अ‍ॅपवर किंवा हायवे अथॉरिटीच्या साइटवर वेगळे भरावे लागतात. टॅगवर गाडीचा नंबर नोंदलेला पाहिजे, नुसत्या चेसिस नंबरवर पास मिळत नाही. पास आहे म्हणून वॉलेट रिकामं ठेवू नका, राज्याचा नाका लागला की तिथे अडकाल. पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीला हा पासच नाही, त्यामुळे टॅक्सीवाल्यांनी उगाच चौकशी करत बसू नये.

रस्ता केंद्राचा की राज्याचा हे गाडी चालवताना कळणार कसं?

राजमार्गयात्रा अ‍ॅपमध्ये रूट टाकून बघायचा, नाहीतर बँकेच्या मेसेजमध्ये नाक्याचं नाव येतं ते मागून तपासायचं. महाराष्ट्रात वर सांगितलेले तीन रस्ते आणि सी लिंक एवढे लक्षात ठेवले तरी बहुतेकांचं काम भागतं. परराज्यात जाताना मात्र अंदाज बांधू नका, गुळगुळीत आठ लेनचा रस्ता दिसला तर तो बऱ्याचदा त्या राज्याच्याच एखाद्या प्राधिकरणाचा असतो.

आणि एक जुनी गोष्ट. राज्याच्या बऱ्याच नाक्यांवर कार फुकट जाते आणि मागचा ट्रक पैसे भरतो, ते बघून लोक गोंधळतात. ते २०१५ च्या निर्णयामुळे. त्या वर्षी राज्य सरकारने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर कार-जीप आणि एसटीला सूट दिली. मुंबईत शिरायच्या पाचही नाक्यांवर, म्हणजे वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन, हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. कोल्हापूरकरांना टोलबद्दल वेगळं सांगायला नको, आम्ही शहरातला टोल आंदोलन करून घालवलाय, पण हायवेचा टोल त्यात येत नाही हे अजून काहींना पटत नाही.

आषाढीला, गणपतीला सरकार पास देतं. तो खिशात असूनही टॅगमधून पैसे गेले, असं कसं?

कारण रीडरला विठ्ठल-रखुमाईचा पास दिसत नाही, त्याला टॅग दिसतो. पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या गाड्यांना आणि गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्यांना राज्य सरकार सूट देतं, त्याचे कागदी पास आरटीओ, पोलीस, ट्रॅफिक चौकी अशा ठिकाणी मिळतात. सूट खरी आहे. पण ती कागदावर आहे आणि वसुली मशीनवर, दोघांची गाठ माणूस घालून देतो तेव्हाच पडते. लेनमध्ये शिरायच्या आधी थांबून नाक्यावरच्या माणसाला पास दाखवायचा, तो सांगेल त्या लेनने जायचं. सरळ आत घुसलात तर पैसे गेलेच म्हणून समजा, मग पासचा फोटो जोडून तक्रार करत बसा.

खरं तर गाडीचा नंबर देऊनच पास काढतो ना आपण? मग तोच नंबर तेवढ्या दिवसांपुरता सूट असलेल्यांच्या यादीत टाकला तर कागदाची गरजच काय. हे व्हायला पाहिजे असं मला वाटतं.

समृद्धीवर बाहेर पडतानाच पैसे का कापतात?

तिथे अंतरावर टोल आहे. ७०१ किलोमीटरचा रस्ता, जिथून चढलात तिथे टॅगची नोंद होते आणि जिथे उतरलात तिथे मधल्या किलोमीटरचा हिशेब लागतो. नॅशनल हायवेवर बहुतेक ठिकाणी नाका ओलांडला की ठरलेली रक्कम, मग तुम्ही पुढच्याच गावात उतरा नाहीतर बेळगावपर्यंत जा. समृद्धीवर चढताना टॅग वाचला गेला का याकडे लक्ष ठेवा, बूम (लेनचा आडवा दांडा) नुसतं हाताने वर केलं असेल तर उतरताना वाद होतो, त्याच वेळी पावती मागून घ्या.

रिचार्ज नाक्यावर उभं राहून केला तरी ब्लॅकलिस्ट दाखवतंय. का?

हे जरा किचकट आहे पण समजून घेण्यासारखं आहे, कारण वेगवेगळ्या भागात वेगवेगळा अनुभव का येतो याचं उत्तर इथेच आहे.

१७ फेब्रुवारी २०२५ पासून एनपीसीआयने नियम लावला. टॅग वाचला जायच्या आधी ६० मिनिटांपेक्षा जास्त वेळ तो ब्लॅकलिस्ट किंवा लो बॅलन्समध्ये असेल आणि वाचल्यानंतर १० मिनिटांपर्यंतही तसाच राहिला तर व्यवहार नाकारला जातो, कोड येतो १७६. झालं, सगळ्या ग्रुपवर बोंब उठली की आता तासभर आधी रिचार्ज करावा लागणार. मग हायवे अथॉरिटीने खुलासा केला की नॅशनल हायवेच्या नाक्यांवर यामुळे काही फरक पडत नाही, कारण तिथे आयसीडी २.५ नावाची नवी पद्धत आहे आणि टॅगची स्थिती त्याच क्षणी विचारली जाते. राज्यांच्या काही नाक्यांवर मात्र तेव्हा अजून जुनी २.४ होती.

जुन्या पद्धतीत काय होतं? बंद टॅगांची यादी नाक्याच्या कॉम्प्युटरवर ठराविक वेळाने उतरवून घेतली जाते आणि तुमचा टॅग त्या यादीशी ताडून बघतात. तुम्ही रिचार्ज केला, बँकेने टॅग सुरू केला, पण नाक्यावरची यादी अजून मघाचीच. तिकडचा मुलगा मशीन दाखवून म्हणतो साहेब ब्लॅकलिस्ट आहे, तुम्ही मोबाइल दाखवून म्हणता बॅलन्स आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून आमच्या ड्रायव्हरांना मी एकच सांगतो, घरून निघतानाच बॅलन्स बघायचा, नाका दिसल्यावर नाही. ऑटो रिचार्ज लावून ठेवलात तर अजून बरं, रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये त्यासाठीची २४ तास आधी सूचना द्यायची अटही काढून टाकली, त्यामुळे आता बॅलन्स खाली आला की लगेच भरला जातो.

पैसे आहेत तरी ब्लॅकलिस्ट. कसं काय?

बॅलन्स हे एकच कारण नसतं. केवायसी जुनी झाली, गाडीचा नंबर अजून अपडेट नाही, एकाच गाडीवर दोन टॅग निघाले (२०२४ पासून एका गाडीला एकच टॅग), गाडीचे फोटो बँकेने मागितले आणि तुम्ही दिले नाहीत, किंवा टॅग काचेला न चिकटवता हातात धरून दाखवता म्हणून नाक्याने कळवलं. जुलै २०२५ पासून हातातल्या टॅगवाल्यांनाही ब्लॅकलिस्ट करायला लागलेत. कारण काय ते टॅग देणाऱ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसतं, नाक्यावर भांडून कळत नाही.

टॅग चालू, बॅलन्स आहे, पण त्यांचा स्कॅनरच वाचत नाही. रोख भरायची का?

नाही भरायची. २०१८ पासूनचा नॅशनल हायवेचा नियम आहे, टॅग वैध आहे, पैसे आहेत आणि नाक्याचंच यंत्र बंद असेल तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. नियम सांगितला की आधी हँडहेल्ड मशीन घेऊन मुलगा येतो, काचेला लावून बघतो. त्यात वाचलं तर वाद संपला. त्यातही नाही वाचलं तर मग बघावं लागतं दोष कोणाचा, कारण तुमचा टॅगच मेलेला असेल तर हा नियम लागू होत नाही. आमच्या एका ड्रायव्हरच्या काचेवरच्या टॅगचा कोपरा उन्हाने सुटला होता, प्रत्येक नाक्यावर तो आतून अंगठ्याने दाबून धरायचा आणि बूम वर जायचं. असले खेळ करू नका, बँकेकडून टॅग बदलून मिळतो.

आणि ते १०० मीटरचं व्हॉट्सअ‍ॅप. पिवळ्या रेषेच्या मागे रांग गेली तर टोल माफ, असं २०२१ चं धोरण होतं, २०२४ मध्ये ते मागे घेतलं. तो मेसेज दाखवून नाक्यावर हुज्जत घालणारे अजून भेटतात.

टॅगच नाही किंवा बंद पडलाय. किती भरावे लागतील?

नॅशनल हायवेवर १५ नोव्हेंबर २०२५ ला जो नियम लागू झाला त्यात रोख दिलेत तर दुप्पट, यूपीआयने दिलेत तर सव्वापट असं ठरलं. शंभराचा टोल असेल तर रोख २००, यूपीआयने १२५. लक्षात घ्या, हा सव्वापटीचा नियम केंद्राने नॅशनल हायवेसाठी काढलाय, राज्याच्या नाक्यावर जाऊन त्याचा हट्ट धरू नका.

गाडी घरी उभी आणि टोल कापल्याचा मेसेज आला!

घाबरू नका, आधी वेळ बघा. स्टेटमेंटमध्ये टॅग वाचल्याची वेळ आणि पैसे वजा झाल्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नाक्याचं नेट बंद असेल तर गाड्या सोडल्या जातात आणि व्यवहार मागाहून जातात, त्यामुळे काल रात्री ओलांडलेल्या नाक्याचा मेसेज आज दुपारी जेवताना येऊ शकतो. तसं नसेल, तुम्ही त्या रस्त्याला गेलाच नव्हता, तर बहुतेक वेळा नाक्यावर कोणीतरी गाडीचा नंबर हाताने टाकताना चुकलेला असतो किंवा मुद्दाम टाकलेला असतो. अशा खोट्या वसुलीसाठी ठेकेदाराला १ लाख रुपये दंड लागतो, त्यामुळे तक्रार केली तर ती बघितली जाते.

कुठे करायची? पैशाचा प्रश्न असेल, चुकीची रक्कम, दोनदा वजा, न केलेला प्रवास, तर टॅग देणाऱ्या बँकेकडे. तीच एनपीसीआयमार्फत समोरच्या बँकेकडून पैसे परत मागते, आणि समोरच्याने त्या वेळचा गाडीचा फोटो दाखवला नाही तर पैसे परत येतात. नॅशनल हायवेच्या नाक्याबद्दल, तिथल्या लोकांबद्दल तक्रार असेल तर १०३३. नाक्यावरच्या मुलाच्या हातात परतावा नसतो, त्याच्याशी वाद घालून फक्त मागचे हॉर्न वाजवतात.

कारचा टोल लागायचा तर छोट्या टेम्पोचा लागला. किंवा उलटं.

टॅगमध्ये गाडीचा क्लास नोंदलेला असतो. कार-जीप-व्हॅन क्लास ४, छोटा हत्ती वगैरे मिनी मालवाहू क्लास २०, त्याच्या वरचे हलके ट्रक क्लास ५, असं पुढे. लेनमध्ये गाडी मोजणारं वेगळं यंत्रही असतं, ते एक्सल आणि उंची बघून स्वतःचा क्लास ठरवतं. दोन्ही जुळले नाहीत तर नंतर फरक वजा होतो आणि अचानक दुसरा मेसेज येतो. कॅरिअरवर उंच सामान बांधलं, मागे ट्रेलर जोडला की हे होतं. आरसीची कॉपी बँकेला देऊन क्लास एकदा दुरुस्त करून घेतला की देशात कुठेही परत तो त्रास नाही.

बँक बदलायची आहे. नंबर पोर्ट करतो तसा टॅग पोर्ट होतो का?

होत नाही. जुना बंद करायचा, नवीन बँकेचा घ्यायचा, काचेवरचा जुना खरवडून काढायचा. मार्च २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आले तेव्हा लाखो लोकांना हेच करावं लागलं, वॉलेटमध्ये होते तेवढे पैसे वापरा पण नवीन भरता येणार नाहीत. देशभर चालणारी सिस्टिम आहे पण टॅग शेवटी एकाच बँकेला बांधलेला आहे. मोबाइलचा नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो तर हे का नाही, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

गाडी विकताना टॅग आधी बंद करा. नाहीतर नवा मालक मजेत फिरतो आणि मेसेज तुम्हाला येतात.

रिचार्ज त्याच बँकेच्या अ‍ॅपवरून करायला लागतो का?

नाही, कुठल्याही यूपीआय अ‍ॅपमध्ये फास्टॅग रिचार्जमध्ये जाऊन टॅग देणारी बँक निवडा, गाडीचा नंबर टाका, नाव बरोबर दिसतंय का बघा, झालं.

सकाळी गेलो रात्री परत आलो तर सूट असते ना? कोणाला सांगायचं?

कोणाला सांगायचं नाही. नॅशनल हायवेवर २४ तासांत त्याच नाक्यावरून परतलात तर परतीला निम्मी रक्कम लागते, म्हणजे दोन्ही मिळून दीडपट, आणि टॅगमुळे ते आपोआप होतं. चोवीस तास पहिल्यांदा नाका ओलांडल्यापासून मोजायचे, रात्री बारापासून नाही. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खाजगी गाड्यांना महिन्याचा पास मिळतो, तो मात्र नाक्यावर जाऊन पत्त्याचा कागद दाखवून काढावा लागतो.

इलेक्ट्रिक गाडीला टोल नाही म्हणतात?

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला राज्य सरकारने माफी दिली. पुन्हा तेच, सूट राज्याची म्हणून राज्याच्या रस्त्यावर, किणीला तुम्हाला पैसे पडणारच. सुरुवातीला माफी असूनही टॅगमधून पैसे गेल्याच्या तक्रारी होत्या, विषय विधानसभेतही निघाला. मेसेज तपासत राहा.

ट्रकवाल्यांसाठी अजून काही?

दिल्लीला माल नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथल्या महापालिकेने शहरात शिरणाऱ्या कमर्शियल गाड्यांसाठी २०१९ पासून स्वतःचा वेगळा आरएफआयडी टॅग आणला, तो फास्टॅग नव्हे. आपल्याकडचा ड्रायव्हर फास्टॅगमध्ये भरपूर बॅलन्स ठेवून जातो आणि तिथे हद्दीवर अडकतो. पार्टीकडून भाडं ठरवतानाच तो खर्च धरा. टॅगचा ओटीपी येणारा मोबाइल नंबर ड्रायव्हरचा नसून मालकाचा असेल तर मालकाने फोन बंद करून झोपू नये, एवढंच.

मुलगा अमेरिकेत आहे, तिकडे तर म्हणे हे कधीचं सुटलंय?

तुमच्या मुलाला कॅलिफोर्नियात ईझी-पास घेऊन गाडी चालवायला सांगा. न्यूयॉर्ककडे १९९३ मध्ये सुरू झालेला ईझी-पास आता पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत चालतो, पण कॅलिफोर्नियाचा फास्ट्रॅक वेगळा, टेक्सासचे टॅग वेगळे. त्यांच्या संसदेने २०१२ मध्ये कायदा केला की २०१६ पर्यंत देशभर एक व्हायला पाहिजे, ती मुदत गेली तरी झालं नाही. कारण तिकडे आधी प्रत्येक राज्याची यंत्रं उभी राहिली आणि मग जोडाजोडी सुरू झाली. आपल्याकडे बहुतेक नाक्यांवर यंत्रं बसायच्या आधीच तंत्र एक ठरलं होतं, उशिरा सुरुवात केल्याचा फायदा झाला म्हणायचा.

आता सॅटेलाइटने टोल कापणार, मग टॅग काढून टाकू का?

अजिबात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सॅटेलाइटवरच्या टोलसाठी नियम निघाले हे खरं, पण १ मे २०२५ पासून देशभर सुरू होणार ही बातमी पसरली तेव्हा मंत्रालयानेच सांगितलं की असा काही निर्णय नाही. त्याऐवजी बूम नसलेले नाके येतायत. वर कमानीवर कॅमेरे आणि रीडर, गाडी न थांबता जाते, नंबरप्लेट आणि फास्टॅग दोन्ही वाचले जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचा पहिला करार सुरतेजवळच्या चोर्यासी नाक्यासाठी झाला, हरयाणातल्या घरौंडासाठीही. म्हणजे टॅग राहणारच आहे, उलट तिथे मशीन घेऊन येणारा मुलगा नसेल. टॅग वाचला गेला नाही तर नंबरप्लेटवरून वसुली येणार, त्यामुळे चिखलाने भरलेली प्लेट, फॅन्सी अक्षरातले दादा-भाऊ वाचले जाणारे नंबर असलं काही असेल तर आत्ताच बदलून घ्या, आणि टॅग आरशाच्या मागे काचेच्या वरच्या बाजूला मधोमध चिकटवा, धातूची फिल्म लावलेल्या भागावर नको.